स्पोक की अलॉय? केळशीसारख्या किनारपट्टीच्या गावात मोटरसायकलला कोणतं चाक चांगलं

दापोलीहून आंजर्ले, पाडले, आडे करत केळशीकडे येणारा रस्ता दिवसा सुंदर दिसतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जांभ्याचे कडे आणि आंब्या-काजूच्या बागा. पण हाच रस्ता संध्याकाळी सात वाजता, भर पावसात, मागचं टायर बसलेलं असताना कसा वाटतो, हे ज्याला माहीत आहे त्याला चाकाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. दोन गावांच्या मधल्या टप्प्यात पंक्चरचं दुकान नसतं आणि मोबाइलला रेंज असेलच याचीही खात्री नसते. अशा वेळी गाडीला तारांचं चाक आहे की अलॉयचं, यावर पुढचे दोन तास कसे जाणार हे ठरतं.

शोरूममध्ये मात्र ही निवड बहुतेक वेळा दिसण्यावरून होते. अलॉय म्हणजे स्पोर्टी, स्पोक म्हणजे जुन्या वळणाची गाडी, एवढाच विचार होतो. प्रत्यक्षात या दोन चाकांची रचना, बिघडण्याची पद्धत आणि दुरुस्ती पूर्णपणे वेगळी आहे. खारा वारा, मुसळधार पाऊस, खड्डे आणि घाट हे सगळं एकत्र असलेल्या कोकण किनाऱ्यावर हा फरक जास्तच जाणवतो.

थोडक्यात उत्तर

- रोजचा वापर डांबरी रस्त्यावर असेल आणि पंक्चरची कटकट नको असेल, तर अलॉय चाक आणि ट्यूबलेस टायर.
- कच्चे रस्ते, दगडधोंडे, जड ओझं आणि गावातल्या गावात दुरुस्ती हवी असेल, तर स्पोक.
- समुद्राजवळ राहत असाल, तर दोन्ही चाकांची निगा घ्यावी लागते. स्पोकची जास्त, अलॉयची थोडी कमी.
- दोन्हींचे फायदे हवे असतील आणि बजेट असेल, तर ट्यूबलेस स्पोक.

आता यामागची कारणं पाहू.

स्पोकचं चाक काम कसं करतं?

स्पोकच्या चाकाचे तीन भाग असतात. मधला हब, बाहेरची रिम आणि दोघांना जोडणाऱ्या तारा म्हणजे स्पोक. भारतातल्या बहुतेक मोटरसायकलींच्या चाकात ३६ स्पोक असतात, काही गाड्यांत ३२ किंवा ४०. प्रत्येक स्पोकच्या टोकाला रिमजवळ एक छोटं नट असतं, त्याला निपल म्हणतात. निपल फिरवलं की तार ताणली जाते किंवा सैल होते.

बैलगाडीच्या चाकातले लाकडी आरे वजन खालून तोलून धरतात. मोटरसायकलच्या तारा तसं करू शकत नाहीत, कारण बारीक तार दाबली की वाकते. म्हणून सगळ्या तारा आधीच घट्ट ताणून ठेवलेल्या असतात. गाडीचं वजन आलं की जमिनीजवळच्या तारांचा ताण थोडा कमी होतो आणि बाकीच्या तारा रिमला गोल धरून ठेवतात. सगळं चाक या ताणाच्या समतोलावर उभं असतं. चार तारा सैल झाल्या तर चाक डुलायला लागतं, ते याच कारणामुळे. गॅरेजमध्ये याला चाक आऊट झालं असं म्हणतात.

ही कल्पना मोटरसायकलपेक्षा जुनी आहे. १८७४ मध्ये इंग्लंडच्या जेम्स स्टार्लीने सायकलसाठी तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या स्पोकचं पेटंट घेतलं. तारा हबमधून सरळ बाहेर न काढता तिरक्या लावल्यामुळे पॅडल मारण्याचा किंवा ब्रेक दाबण्याचा पीळ त्या पेलू शकतात. आजच्या मोटरसायकलच्या चाकातही तारा तशाच तिरक्या असतात.

अलॉय चाक म्हणजे काय?

अलॉय चाक एकसंध असतं. हब, दांडे आणि रिम एकाच साच्यात ओतलेले. बहुतेक चाकं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. त्यात थोडं सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असतं. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू साच्यात नीट भरतो आणि मॅग्नेशियममुळे उष्णता-प्रक्रियेनंतर धातूला ताकद येते.

गॅरेजमध्ये याला अजूनही मॅग व्हील म्हणतात. हे नाव शर्यतीच्या गाड्यांच्या मॅग्नेशियम चाकांवरून पडलं. रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं ॲल्युमिनियमची झाली, नाव मात्र राहिलं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी आणि युरोपीय कंपन्यांनी रस्त्यावरच्या मोटरसायकलींना अशी ओतीव चाकं द्यायला सुरुवात केली. भारतात ती २००० नंतरच्या दशकात सर्वसामान्य गाड्यांपर्यंत पोहोचली. आज १०० सीसीच्या साध्या गाडीलाही अलॉय मिळतं.

अलॉय हलकं असतं, हा समज अर्धाच खरा आहे. लोखंडी रिमच्या स्पोक चाकाशी तुलना केली तर फरक थोडा असू शकतो. ॲल्युमिनियम रिमचं स्पोक चाक मात्र अनेकदा स्वस्तातल्या ओतीव अलॉयपेक्षा हलकं भरतं. अलॉयचा खरा फायदा वजनात नाही, हवा धरून ठेवण्यात आहे.

पंक्चर: सगळ्यात मोठा फरक

अलॉयच्या रिमला स्पोकसाठी भोकं नसतात. त्यामुळे टायर रिमला घट्ट चिकटून बसतं आणि आत ट्यूब लागत नाही. स्पोकच्या रिमला प्रत्येक तारेसाठी एक भोक असतं. तिथून हवा निघून जाईल म्हणून आत ट्यूब घालावी लागते.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर तो बहुतेक वेळा भोक दाबून बसतो आणि हवा हळूहळू जाते. गाडी थोडी जड वाटते, पण सावरायला वेळ मिळतो. अनेकदा तसंच सांभाळून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. ट्यूबमध्ये खिळा घुसला की हवा वेगाने जाते. निपलच्या भोकांतूनही तिला बाहेर पडायला वाट मिळते. वळणावर किंवा उतारावर पुढचं टायर असं अचानक बसलं तर गाडी हातातून सुटू शकते. सुरक्षेच्या दृष्टीने ट्यूबलेसची ही सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे.

दुरुस्तीतही फरक आहे. ट्यूबलेसला चाक काढावं लागत नाही. खिळा काढायचा, भोक साफ करायचं, सोल्युशन लावलेली पट्टी आत सारायची आणि हवा भरायची. किट आणि छोटा पंप जवळ असेल तर १० ते १५ मिनिटांत काम होतं. ट्यूबचं पंक्चर काढायला चाक उतरवा, टायर रिममधून सोडवा, ट्यूब बाहेर काढा, पॅच लावा आणि सगळं परत बसवा. सवयीच्या हाताला अर्धा-पाऊण तास लागतो. नवख्याच्या हातून नवी ट्यूबही पान्यात सापडून फाटते.

पण एक बाजू अशी आहे, जी शहरात लक्षात येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकलं. दापोली आणि मंडणगड तालुक्यातल्या अनेक गावांत झाडं आडवी झाली, विजेचे खांब कोसळले आणि बरेच दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसरही बंद. ट्यूबलेस टायर रिमवरून सुटलं असेल तर ते परत बसवायला एकदम जोरात हवा लागते. ती हातपंपाने सहसा मिळत नाही. ट्यूब असलेलं टायर मात्र साध्या पायपंपानेही फुगवता येतं. दुर्गम भागात फिरणारे लोक ट्यूबवर विश्वास ठेवतात त्यामागे असा व्यवहार असतो.

यावर एक तोडगा आहे. अलॉय चाकात अडीनडीला ट्यूब घालता येते. टायरला मोठी चीर गेली किंवा रिमची कड वाकून हवा थांबेनाशी झाली, तर आत ट्यूब टाकून घरी पोहोचता येतं. लांबच्या प्रवासात अलॉयवाल्यानेही एक ट्यूब सोबत ठेवावी, असं म्हणतात ते यासाठीच. उलट, साध्या स्पोकच्या चाकात ट्यूबशिवाय टायर चालवता येत नाही.

खड्डा: एक चाक वाकतं, दुसरं तडकतं

मुंबईहून गणपतीला किंवा शिमग्याला बाइकवर गावी येणाऱ्या चाकरमान्यांना मुंबई-गोवा महामार्गाची ओळख करून द्यायला नको. २०११ पासून चौपदरीकरण सुरू असलेल्या या रस्त्याने कित्येक रिमा खाल्ल्या आहेत. महामार्ग सोडल्यावर पुढे मंडणगडमार्गे किंवा खेड-दापोलीमार्गे केळशी गाठायची, तर घाट आणि अरुंद वळणं आहेतच.

स्पोकच्या चाकाला थोडी लवचिकता असते. जोराचा धक्का बसला की तारा आणि रिम मिळून तो पसरवतात. फार जोराचा असेल तर रिम वाकते किंवा एखाद-दुसरी तार तुटते. चाक डुलत डुलत का होईना, हळू चालवत घरी आणता येतं. मग मिस्त्री निपल कमी-जास्त ताणून आऊट काढतो. तुटलेली तार बदलता येते. रिम फारच वाकली असेल तर फक्त रिम बदलून जुना हब वापरता येतो.

अलॉय चाक कडक असतं. नेहमीच्या खड्ड्यांना ते व्यवस्थित तोंड देतं, वारंवार आऊट होत नाही आणि महिनोन्‌महिने त्याकडे पाहावंही लागत नाही. पण सहनशक्ती संपली की एकतर कड वाकते आणि हवा गळायला लागते, किंवा धातूला तडा जातो. कड थोडीच वाकली असेल तर ती दाबून सरळ करणारे कारागीर मोठ्या शहरांत असतात. तडा गेलेलं चाक मात्र बदलायचंच. ते वेल्डिंग करून वापरणं धोक्याचं आहे. चाकाला कारखान्यात उष्णता देऊन जी ताकद आणलेली असते, ती वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी कमी होते. वरून सांधा चकचकीत दिसला तरी पुढच्या खड्ड्यात तेच चाक पुन्हा तिथेच फुटू शकतं.

तड्याची भीती खरी आहे, पण ती वाढवून सांगण्याचीही गरज नाही. बहुतेक वेळा अलॉय फुटतं ते हवा कमी असताना किंवा वेगात धारदार कडेच्या खड्ड्यावर आदळल्यावर. टायरमध्ये कंपनीने सांगितलेला दाब असेल तर धक्क्याचा बराच भाग टायरच झेलतो. हवा कमी असेल तर टायर पूर्ण दबतं आणि रिम थेट दगडावर आपटते.

खारा वारा: केळशीचा खास प्रश्न

केळशी भारजा नदीच्या मुखाशी, समुद्राला लागून वसलेली आहे. वाळूच्या उंच टेकडीसाठी हे गाव ओळखलं जातं. जी हवा वाळू उडवून टेकडी रचते, तीच हवा मिठाचे बारीक कण घेऊन घरांच्या पडव्यांपर्यंत येते. किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात खिडकीचे गज आणि बिजागऱ्या पाहिल्या की याचा अंदाज येतो.

मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. ओलं मीठ आणि लोखंड एकत्र आले की गंज वेगाने वाढतो. स्पोकच्या चाकात मीठ अडकायला जागा पुष्कळ असतात. प्रत्येक निपल, प्रत्येक तारेचं हबमध्ये अडकलेलं वळण आणि तारा एकमेकींना चिकटतात तो बिंदू. क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर गंजाची सुरुवात बहुतेक वेळा निपलच्या भोकापासून होते. बाहेरून रिम चमकत असते आणि आत ट्यूबच्या बाजूला गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात. हेच पापुद्रे ट्यूबला घासून बारीक भोकं पाडतात. वारंवार पंक्चर होतं आणि खिळा सापडत नाही, तेव्हा रिमच्या आतली बाजू आणि तिच्यावरची रबरी पट्टी पाहायला हवी.

गंजाचा दुसरा त्रास म्हणजे निपल जाम होणं. मग चाक आऊट झालं तरी तार ताणता येत नाही. जोर लावला की निपल गोल होतं किंवा तार तुटते. शेवटी सगळ्या तारा कापून चाक नव्याने बांधावं लागतं.

ॲल्युमिनियमची रिम आणि लोखंडी तारा असतील तर आणखी एक गोष्ट होते. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून असले की त्यांच्यात छोट्या बॅटरीसारखी क्रिया होते आणि त्यातला एक धातू झिजत जातो. इथे झिजतं ते ॲल्युमिनियम. निपलभोवती पांढरी पूड दिसायला लागते ती याचीच. काही महागड्या गाड्यांत स्टेनलेस स्टीलच्या तारा येतात. त्या स्वतः गंजत नाहीत, पण रिमशी होणारी ही क्रिया तिथेही सुरू राहू शकते, म्हणून स्वच्छता हवीच.

अलॉय गंजत नाही, असं सरसकट सांगितलं जातं. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, हे खरं. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो आतल्या धातूला जपतो. मिठातला क्लोराइड मात्र हा थर भेदतो. दगड लागून जिथे रंगाचा टवका उडालेला असतो तिथे पांढरे डाग पडतात, रंग फुगतो आणि धातूला बारीक खड्डे पडतात. टायर जिथे रिमला टेकतं त्या कडेवर असं झालं की ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जायला लागते. खिळा नाही, तरी दर आठवड्याला हवा कमी. अशा वेळी टायर उतरवून रिमची कड घासून साफ करून घ्यावी लागते.

एकूण हिशेब केला तर खाऱ्या हवेत अलॉयला कमी निगा लागते, कारण अडचणीच्या जागा कमी आणि धुणं सोपं. पण कमी निगा म्हणजे निगा नकोच, असं नाही.

पाऊस आणि पडवी यांचंही एक गणित आहे. पावसाळ्यात उघड्यावरचं मीठ पावसाने धुऊन जातं. नोव्हेंबर ते मे हे कोरडे महिने फसवे असतात. गाडी छपराखाली सुरक्षित उभी आहे असं वाटतं, पण वाऱ्याने येणारं मीठ तिच्यावर साचत राहतं आणि धुवायला पाऊस नसतो. त्यामुळे या महिन्यांत आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने चाकं धुणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

किनाऱ्यावर गाडी घालण्याचं काय?

ओहोटीला घट्ट वाळू दिसली की पर्यटकांना गाडी आत घालण्याचा मोह होतो. कुठलंही चाक यासाठी बनलेलं नाही. खारं पाणी निपल, बेअरिंग, ब्रेक आणि चेनमध्ये जातं आणि नुकसान काही आठवड्यांनी दिसतं. वाळूत रुतलेली गाडी भरतीच्या आत बाहेर निघाली नाही तर ती परत मिळेलच असं नाही. शिवाय केळशी, आंजर्ले, वेळास हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा पट्टा आहे. हिवाळ्यात या वाळूखाली अंडी असतात. गाडी किनाऱ्याबाहेर लावून चालत जाणं गाडीसाठीही बरं आणि कासवांसाठीही.

ओझं, पाखाडी आणि घाट

गावातली मोटरसायकल फक्त माणसं वाहत नाही. आंब्याच्या पेट्या, मासळीच्या पाट्या, गॅसचं सिलिंडर, खताची गोणी असं सगळं मागच्या चाकावर येतं. दगड लावलेल्या पाखाडीवरून आणि बागेतल्या कच्च्या वाटेवरून हेच ओझं हळू वेगात न्यायचं असतं. अशा वापरात स्पोकची लवचिकता उपयोगी पडते. एखादी तार तुटली तर ती बदलण्याचा खर्च अगदी कमी असतो.

मात्र ओझ्यामुळे मागच्या तारांवर जास्त ताण येतो. इंजिनची ओढ आणि वजन दोन्ही मागच्याच चाकावर असतात. त्यामुळे स्पोक तुटतात ते बहुतेक मागचे. तुटलेली एक तार दुर्लक्षित राहिली तर शेजारच्या तारांवर जादा भार येतो आणि त्याही एकामागून एक तुटतात.

घाटात आणि महामार्गावर वेगात चालवताना अलॉयचा कडकपणा चांगला वाटतो. गाडी वळणात जिथे टाकावी तिथे बसते. उतरणीवर ब्रेक सतत वापरला जातो, तेव्हाही चाकाची सरळ रेषा टिकून राहते. नीट ताणलेलं स्पोक चाकही हे काम व्यवस्थित करतं. अट एवढीच की ते नीट ताणलेलं हवं.

खर्च कुठे किती?

खरेदीच्या वेळी एकाच गाडीचं स्पोकचं मॉडेल सहसा स्वस्त असतं. पुढचा खर्च मात्र वापरावर ठरतो.

- किरकोळ बिघाड: स्पोक स्वस्त. तार, निपल, ट्यूब, पॅच हे तालुक्याच्या गावी सहज मिळतं.
- मोठा बिघाड: अलॉय महाग. पूर्ण चाक बदलावं लागतं आणि कधी कधी ते मागवून घ्यावं लागतं.
- नियमित देखभाल: स्पोकला जास्त. आऊट पाहणं, तारा ताणणं, गंज काढणं.
- पंक्चरचा वेळ आणि त्रास: अलॉयला कमी.

आणखी एक खर्च सहसा मोजला जात नाही. चाक बांधणारा चांगला कारीगर हा अनुभवाने तयार होतो. ३६ तारा सारख्या ताणून चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरळ आणणं हे हातातलं कसब आहे. अलॉय वाढत गेली तसं हे काम कमी झालं. आपल्या भागात असा मिस्त्री आहे की नाही, हे स्पोकची गाडी घेण्याआधी पाहावं. सायकल दुरुस्त करणारे जुने कारीगर यात अनेकदा तरबेज असतात.

स्पोकही आणि ट्यूबलेसही

दोन्हींचे फायदे एकत्र आणण्याचा प्रयत्न जुना आहे. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आर १०० जीएस या गाडीला असं चाक दिलं, ज्यात तारा रिमच्या मध्यभागी न जोडता बाहेरच्या कडांना जोडल्या होत्या. भोकं टायरच्या बाहेर गेल्यामुळे आत हवा बंद राहिली. याला क्रॉस-स्पोक म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत रिमच्या आतून सील लावून भोकं बंद केली जातात.

भारतात हा पर्याय आता आवाक्यात येतोय. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये ट्यूबच्या स्पोक चाकांसह आली आणि नंतर तिला ट्यूबलेस स्पोकचा पर्याय मिळाला. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणारी ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स अलॉयवर येते, तर २०२५ मध्ये आलेल्या ४०० एक्ससीला ट्यूबलेस क्रॉस-स्पोक चाकं आहेत.

साध्या स्पोकच्या रिमला स्थानिक पातळीवर सिलिकॉन किंवा टेप लावून ट्यूबलेस करून देण्याचा प्रकारही चालतो. इथे सावध राहायला हवं. ट्यूबलेस रिमच्या आतल्या बाजूला टायर जागेवर धरून ठेवणारा उंचवटा असतो. ट्यूबच्या साध्या रिमला तो असेलच असं नाही. हवा कमी झाली की अशा रिमवरून टायर सुटू शकतं.

एकच गाडी, दोन चाकं

कंपन्यांनाही हा प्रश्न माहीत आहे. म्हणून काही गाड्या दोन्ही प्रकारांत मिळतात.

- रॉयल एनफिल्ड हंटर ३५० ऑगस्ट २०२२ मध्ये आली तेव्हा रेट्रो मॉडेलला स्पोक आणि ट्यूब, तर मेट्रो मॉडेलला अलॉय आणि ट्यूबलेस अशी सरळ विभागणी होती.
- २०२१ च्या क्लासिक ३५० मध्ये बहुतेक मॉडेल स्पोकची, पण डार्क मालिकेला अलॉय आणि ट्यूबलेस टायर देण्यात आले.
- हिरोने २०१९ मध्ये एकाच इंजिनवर दोन गाड्या आणल्या. कच्च्या रस्त्यासाठी एक्सपल्स २००, तिला पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची स्पोक चाकं. डांबरी रस्त्यासाठी एक्सपल्स २००टी, तिला दोन्हीकडे १७ इंची अलॉय.

हिरोच्या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. कच्च्या रस्त्याच्या गाडीला स्पोक आणि मोठं पुढचं चाक, पक्क्या रस्त्याच्या गाडीला अलॉय आणि लहान चाक. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं आणि दगडावरून सहज चढतं. त्यामुळे गाडी निवडताना चाकाच्या प्रकाराबरोबर त्याचा आकारही पाहावा.

नंतर चाक बदलायचं असेल तर

स्पोकची गाडी घेऊन नंतर बाहेरून अलॉय बसवण्याचा विचार अनेक जण करतात. त्याआधी चार गोष्टी तपासा.

१. चाक त्याच गाडीसाठी, त्याच आकाराचं आणि शक्यतो त्याच कंपनीचं असावं. रिमवर आयएसआय चिन्ह आहे का ते पाहावं.
२. गाडीला एबीएस असेल तर त्याची रिंग आणि सेन्सर नव्या चाकावर नीट बसायला हवेत. डिस्क आणि ड्रमचंही तसंच.
३. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. शंका असेल तर आधी आरटीओत विचारावं.
४. विमा कंपनीला बदल कळवावा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो.

नावाजलेल्या चाकासारखं दिसणारं स्वस्त चाक घेणं टाळावं. ओतकामात आत पोकळी राहिली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही. ती दिसते खड्ड्यात.

केळशी परिसरात कुणी काय घ्यावं?

- रोज दापोली किंवा मंडणगडला नोकरीला, कॉलेजला जाणारे: अलॉय आणि ट्यूबलेस. अंधारात, पावसात पंक्चरचा त्रास कमी.
- बाग, शेती, मासळीचा व्यवसाय आणि जड ओझं: स्पोक. दुरुस्ती स्वस्त आणि जवळ. मात्र दर महिन्याला तारा तपासणं आलंच.
- मुंबई-पुण्याहून सणाला बाइकने येणारे: अलॉय आणि ट्यूबलेस. सोबत पंक्चर किट, पंप आणि एक ट्यूब.
- वर्षातले बरेच महिने गाडी गावच्या घरी उभी ठेवणारे: अलॉय बरं. उभ्या गाडीच्या तारा खाऱ्या हवेत लवकर गंजतात.
- कच्च्या वाटांवर भटकंती करणारे: स्पोक, शक्य असेल तर ट्यूबलेस स्पोक.

चाकं टिकवण्यासाठी

- दर आठवड्याला थंड टायरची हवा तपासा. योग्य दाब स्विंगआर्मजवळच्या किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो.
- स्पोकवर छोट्या पान्याने हलकेच वाजवून पाहा. घट्ट तार खणखणीत वाजते, सैल तार बद्द आवाज करते.
- चाक अधांतरी धरून फिरवा आणि एका जागी बोट धरून रिम डुलते का पाहा. बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये डुलण्याची मर्यादा २ मिलिमीटर असते.
- नवीन स्पोकच्या गाडीत पहिल्या सर्व्हिसिंगला तारा ताणून घ्यायला आठवणीने सांगा. सुरुवातीला तारा जागेवर बसताना थोड्या सैल होतात.
- गोड्या पाण्याने धुऊन, कोरडं पुसून निपलवर तेलाचा अगदी हलका हात फिरवा. ब्रेक डिस्क, ड्रम आणि टायरवर तेल जाऊ देऊ नका.
- अलॉयवर टवका उडाला असेल तर लगेच रंग लावून घ्या. मोठा खड्डा बसला की थांबून कड आणि दांड्यांचं मूळ पाहा.

नेहमी पडणारे प्रश्न

स्पोकच्या चाकाला ट्यूबलेस टायर लावता येतं का?
आकार बरोबर असेल तर बऱ्याच गाड्यांत आत ट्यूब घालून लावलं जातं. पण आत ट्यूब आहे म्हणजे ते ट्यूबलेससारखं वागणार नाही. पंक्चर झालं की हवा वेगानेच जाईल.

एक स्पोक तुटला तर गाडी चालवावी का?
तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळून किंवा काढून ठेवा, म्हणजे ती ब्रेकमध्ये किंवा चेनमध्ये अडकणार नाही. मग ओझं न घेता, हळू वेगात जवळच्या गॅरेजपर्यंत जा. दोन-तीन तारा तुटल्या असतील तर चालवू नका.

पुढे अलॉय आणि मागे स्पोक चालेल का?
कंपनीने तशी गाडी दिलेली नसेल तर करू नये. टायरचा प्रकार, वजन आणि ब्रेक यांचा मेळ बिघडतो.

चाक कोणतंही असलं तरी रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढाच असतो. पावसात आडेच्या वळणावर गाडी सावरते ती तेवढ्या जागेवर. त्यामुळे गाडी घेताना ती फोटोत कशी दिसेल यापेक्षा ती रोज कुठून जाणार, रात्री कुठे उभी राहणार आणि बिघडली तर कोण दुरुस्त करणार, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरं मिळाली की चाकाची निवड फार अवघड राहत नाही.